खंडेनवमीला पुजलेला कॉम्प्युटर

दीपेश वासावकरचे डोके मारणाऱ्याने असे काही ठेचले होते, की बायकोने त्याला ओळखले ते पायातल्या काळ्या दोऱ्यावरून.

खंडेनवमीचा दिवस होता. काळबादेवीच्या त्या घरात सकाळीच हत्यारांची पूजा झाली होती. पाटावर कोयता, हातोडी, जाळी विणायच्या सुया आणि बोटीच्या इंजिनाचा हातभर लांब लोखंडी पाना. शेजारच्या टेबलावर दीपेशने सुटे भाग आणून स्वतः जोडलेला कॉम्प्युटर. त्यालाही हळदकुंकू आणि झेंडूचे फूल. संध्याकाळी तोच पाना रक्ताने आणि केसांनी माखून जमिनीवर पडला होता. दीपेश खुर्चीशी आडवा, उजव्या मुठीत स्क्रूड्रायव्हर.

पाना धाकट्या भावाचा, सूरजचा. आणि दुपारीच सूरजने भर अंगणात दीपेशला वल्ह्याने हाणले होते. वाडीतल्या सगळ्यांनी ते पाहिले होते. पोलिसांनी सूरजला किनाऱ्यावर उपड्या होडीआड दारू पिऊन पडलेला उचलला. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "मीच मारलं असेल."

"असेल म्हणाला, की मारलं म्हणाला?" शमिका खेडेकरने विचारले.

माळनाक्यावरच्या तिच्या ऑफिसात समोर सूरजची बायको नेत्रा बसली होती.

"असेल, ताई. वल्हं हाणल्याचं आठवतं, मग पीत बसल्याचं. पुढचं कायच नाय. भेटायला गेले की मलाच इचारतो, नेत्रा, मी मारलं काय गं दादाला? मी काय सांगू त्याला?" नेत्राने पदराने नाक पुसले. "फाशी झाली तरी चालेल म्हणतो, पण खरं काय ता कळूदे."

शमिका पूर्वी विमा कंपनीसाठी बुडालेल्या बोटी आणि जळालेल्या गाड्या तपासायची. त्यात खोटे बोलणारी इतकी माणसे भेटली, की शेवटी तिने खोटे पकडायचाच धंदा सुरू केला, खाजगी तपासाचा. तिच्या जोडीला आत्माराम शिवलकर, निवृत्त हवालदार. आत्मारामांची नजर चांगली होती. समोरची प्रत्येक वस्तू त्यांना दिसायची, फक्त ती काय आहे ते दरवेळी चुकायचे.

"कबुली दिलेली केस, बाय," नेत्रा गेल्यावर ते म्हणाले. "हात पोळतील."

"काका, ज्याला आठवत नाही त्याची कबुली म्हणजे नुसता अंदाज. गाडी काढा."

फौजदार एके काळी आत्मारामांच्या हाताखाली शिकलेला होता. त्याने खोलीचे सील काढून दिले आणि शवविच्छेदनात काय आले तेही सांगितले. डोक्यावरचे सगळे घाव पान्याचे. उजव्या खांद्याचे हाड मोडलेले, पण ते काही तास आधीचे, सूज चढलेली होती.

खोलीत शिरताच आत्मारामांनी नाकाला रुमाल लावला. भिंतीवर छतापर्यंत रक्ताचे शिंतोडे उडाले होते. एकदा मारून मारणाऱ्याचे समाधान झाले नव्हते. माणूस पडल्यावरही तो मारत राहिला होता, हे जमिनीवरून दिसत होते.

शमिका मात्र कॉम्प्युटरजवळ उभी होती. डब्याच्या वरच्या बाजूला गरम हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याची जाळी होती. त्या जाळीवर बरोबर मधोमध चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू आणि सुकलेला झेंडू.

टेबलाखाली पुसायचे फडके पडले होते. आत्मारामांनी ते झटकले तर आतून रुपयाएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा पडला, एका बाजूला करडा चिकटा लागलेला. जवळच एक बारीक नळी होती.

"कापराच्या पुडीचा तुकडा," आत्माराम म्हणाले. "आणि ही डिंकाची नळी."

शमिकाने दोन्ही वस्तू पाकिटात घातल्या आणि दीपेशच्या बायकोला हाक मारली. रूपाली दारातच थांबली. आत यायची तिची छाती होत नव्हती.

"रूपाली, भांडण कशावरून झालं?"

"व्हिडिओवरून. बाबल्याची बोट रात्री एलईडी दिवे पाण्यात सोडून मासळी ओढते, बंदी असून. ह्यांनी ड्रोननं तो व्हिडिओ काढलेलान. मत्स्य खात्यात देणार होते. सूरजभावजी म्हणायचे, नको, ती माणसं आपली बोट जाळतील. बाबल्यानं जेटीवर सगळ्यांसमोर सांगितलेलान, खोपडी फोडीन म्हणून."

"मग दिला का नाही व्हिडिओ?"

"बनतच नव्हता. गाणी लावा, मेल बघा, कॉम्प्युटर दिवसभर चालायचा. व्हिडिओचे तुकडे जोडायला घेतले, की थोड्या वेळात फट्‌ करून बंद. वर्षभर नीट होता. गणपतीनंतर रॅम वाढवायला ह्यांच्या मित्राकडे, कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या रघूकडे नेलान, तेव्हापासून हे सुरू. रघू बिचारा सारखा येऊन बघायचा. ह्यांना बजावलेलान, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरला तू हात लावू नको, खालच्या पिना वाकतील."

"खंडेनवमीला काय काय झालं?"

"सकाळी सगळी हत्यारं घासली, तेल लावलं. ह्यांनी कॉम्प्युटर पार खोलून पुसलान आणि मग पूजा केलीन. आवरून झाल्यावर खूश होते, म्हणाले, उद्या व्हिडिओ देतो बघ. ते ऐकून भावजींचं डोकं फिरलं." ती थांबली. "दुपारी मीच जेवण भरवलं. उजवा हात उचलतच नव्हता. मग आम्ही बायका देवीची ओटी भरायला गेलो. परत आलो तर रघू अंगणात ओरडत होता."

शमिकाने मान हलवली आणि कॉम्प्युटरचे बटण दाबले. वरचा पंखा गरगरला आणि जाळीवरचे हळदकुंकू भस्सकन उडून वाकून बघणाऱ्या आत्मारामांच्या तोंडावर आणि पांढऱ्या सदऱ्यावर बसले.

"अगं बाय, सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही बाजूला झाला असतात, आणि मला साक्षीदार हवा होता."

तिने दीपेशचा अर्धवट राहिलेला व्हिडिओ जोडायला लावला. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरू लागली. आत्माराम अंगणात नारळपाणी पिऊन आले, परत येऊन खुर्चीत पेंगले, आणि कॉम्प्युटर चालतच होता.

"हा तर मस्त चालतोय. उगाच बोंब मारत होते."

"मस्त चालतोय," शमिका म्हणाली. तिचा चेहरा मात्र पडला होता. "ह्या चालण्यानंच त्याला मारलं, काका."

बाबल्या जेटीवर भेटला. मान बैलासारखी, हातात बर्फ फोडायचा टोचा. आत्मारामांनी नकळत एक पाऊल मागे घेतले.

"बोललो मी, खोपडी फोडीन," तो म्हणाला. "मी खलाशालापण बोलतो, बायकोलापण बोलतो. फोडली कोणाची? त्या दुपारी बोट धुवून तिची पूजा चाललेली, शंभर माणसं बघत होती. आणि व्हिडिओत माझी बोट हाय तर हाय. दंड भरीन."

"दिवे कोणी बसवले?"

बाबल्याने टोचा बर्फात खुपसला. "ता मी नाय सांगायचो."

रघूचे दुकान गल्लीत होते. बारीक अंगाचा, गोड बोलणारा माणूस. मित्राचे नाव काढताच त्याचे डोळे भरले. मागच्या फळीवर जाड काचेचे मोठाले दिवे आणि रबरात गुंडाळलेल्या वायरी होत्या. नवरात्राच्या रोषणाईचे सामान, असे आत्मारामांनी मनाशी ठरवून टाकले.

"दुपारी त्यानं फोन केलान," रघू म्हणाला. "व्हिडिओ चालू केला, परत अर्ध्यावर बंद पडला, ये. मी गेलो तर हा असा पडलेला. हातात स्क्रूड्रायव्हर. बिचारा उघडून बघत असणार."

"बंद का पडायचा तो?"

"काय सांगू मॅडम. रॅम बदलून बघितली, पॉवर सप्लाय बदलला, तीनदा कूलर काढून खाली उष्णता ओढणारी नवी पेस्ट लावली. खाऱ्या हवेनं बोर्ड गेला असणार. टाकून द्या तो."

दुसऱ्या दिवशी शमिकाने सगळ्यांना त्याच खोलीत बोलावले. रघूला सांगितले, की व्हिडिओ काढून द्यायचा आहे. बाबल्याला फौजदार घेऊन आला. रूपाली आणि नेत्रा भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पाटावरची हत्यारे अजून तशीच होती, पाना सोडून.

"रघू, दीपेशनं फोनवर सांगितलं, की व्हिडिओ चालू केला आणि कॉम्प्युटर बंद पडला. बरोबर?"

"हो."

"खंडेनवमीला? पूजेला लावलेलं हत्यार त्या दिवशी कोणी चालवत नाही."

रघू हसला. "आजकाल कोण पाळतं, मॅडम?"

"दीपेशनं पाळलं. पूजेचं हळदकुंकू बरोबर पंख्याच्या जाळीवर होतं. मशीन एकदा जरी चालू झालं असतं तरी ते उडालं असतं. काल मी चालू केलं तेव्हा उडालं. काकांच्या सदऱ्यावर अजून आहे. म्हणजे पूजेनंतर हा कॉम्प्युटर चालूच झाला नाही. मग बंद कसा पडला?"

शमिकाने पाकिटातला प्लास्टिकचा तुकडा काढला.

"नवा कूलर येतो तेव्हा त्याच्या तळाला असलं प्लास्टिक असतं. ते काढून कूलर बसवायचा. मध्ये राहिलं, तर प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नीट पोचत नाही. हलकं काम निभावतं. व्हिडिओ जोडायला घेतला, की प्रोसेसर भडकतो आणि जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं."

"मग ती दीपेशची चूक," रघू म्हणाला. "जोडला त्यानंच होता."

"त्यानं जोडला आणि वर्षभर नीट चालला. बिघडला तो तुझ्या दुकानात जाऊन आल्यावर. आणि तू म्हणतोस, तीनदा कूलर काढलास. तीनदा काढून तुला हे दिसलं नाही? दिसेल कसं, तूच घातलं होतंस. दीपेशनं कूलर उघडू नये म्हणून पिना वाकायची भीतीही तूच घातलीस. पण खंडेनवमीला हत्यार पार आतून स्वच्छ करायचं असतं. त्यानं केलं, आणि हा तुकडा सापडला. तो त्यानं काढला, तुझ्याच नळीतली पेस्ट लावली, कूलर बसवला, आणि मग पूजा केली. दुपारी तुला फोन केला तो हे सांगायला."

"आणि सूरज?" फौजदाराने विचारले.

"दीपेशच्या मुठीत स्क्रूड्रायव्हर होता, उजव्या. त्या दुपारी त्याला उजव्या हातानं घासही घेता येत नव्हता. रूपालीला ते ठाऊक होतं, बाहेरून आलेल्याला नव्हतं. म्हणजे तो मेल्यावर कोणीतरी मुठीत ठेवला. कॉम्प्युटर नादुरुस्त होता असं भासवायची गरज एकाच माणसाला होती. दारूत पडलेल्याला हे सुचत नाही."

तिने एक कळ दाबली. तयार झालेला व्हिडिओ पडद्यावर आला. काळे पाणी, मधे बाबल्याची बोट, आणि काठावर वाकून जाड काचेचे दिवे पाण्यात सोडणारा माणूस. दिव्याच्या उजेडात त्याचा चेहरा लख्ख दिसत होता. तो रघू होता.

आता कुठे आत्मारामांना दुकानातली फळी आठवली.

रघूने पाटावरचा कोयता उचलला. पहिला वार त्याने पडद्यावर केला. काच फुटून सगळ्यांच्या अंगावर आली. दुसरा कॉम्प्युटरच्या डब्यावर, तिसराही. पत्रा फाटला, ठिणग्या उडाल्या. मग तो शमिकाकडे वळला. आत्मारामांनी विचार केला नाही, नुसता हात आडवा घातला. कोयता मनगटाच्या वर हाडापर्यंत रुतला. ते किंचाळले. बाबल्याने खुर्ची उचलून रघूच्या पाठीत घातली आणि तो पडल्यावर त्याच्या मानेवर गुडघा रोवला.

"माझं नाव घालवलंस भाड्या," बाबल्या म्हणाला. "दिवे लावलेस ता ठीक. मित्राला मारतोस?"

"हात जोडले मी त्याला," रघू जमिनीवर गाल दाबून बोलत होता. "माझा चेहरा तेवढा काप म्हटलं. हसलान. म्हणाला, उद्या दसरा, उद्या तुझं सोनं लुटतो. मग मला कळलंच नाय. मी मारत गेलो. त्यानं हातपण नाय उचललान."

रूपालीने कानांवर हात दाबले.

सूरज सुटला त्या दिवशी शमिका आणि आत्माराम नेत्राबरोबर गेले होते. आत्मारामांचा हात गळ्यात बांधलेला होता. सूरज बाहेर आला, दोघांच्या पाया पडला आणि तिथेच थबकला.

"ताई, फौजदार सांगत होता. रघू म्हणाला म्हणे, दादानं हातपण नाय उचललान." त्याने ओठ चावले. "रघू म्हणजे काडी. दादानं त्याला एका हातानं उचलून फेकला असता. का नाय उचललान हात? माझं वल्हं खांद्यावर बसलेलं. उजव्या."

आत्मारामांनी तिच्याकडे पाहिले. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. आत्मारामांना ह्या पोराची फार दया आली.

"पान्याचा पहिला घाव खांद्यावरच बसला," ते म्हणाले. "तिथंच हाड मोडलं. मग हात कसा उचलणार? तुझ्या वल्ह्यानं नुसतं खरचटलेलं."

सगळ्या नोकरीत त्यांनी पंचनाम्यातला एक शब्द कधी फिरवला नव्हता. घरी रूपाली होती, शेजारी नेत्रा उभी होती, दोघींना खरे ठाऊक होते, आणि आज ना उद्या ते एकीच्या तोंडून निघाले असते. पण सांगायचे की नाही, ते त्या दोघींनी ठरवायचे होते.

सूरज त्यांच्याकडे बघत राहिला. "डॉक्टरनं तसं लिवलंय, काका?"

"लिहिलंय," आत्माराम म्हणाले, आणि त्याने मान फिरवेपर्यंत त्यांनी त्याच्या डोळ्यांवरून नजर काढली नाही.