सात भोकांची पट्टी

बसते हं दादा जरा या स्टुलावर. तुम्ही संग्रहालयाचे वॉचमन, परवानगीशिवाय मला आत सोडणार नाही, कळलं. पण अकराला अजून वीस मिनिटं आहेत. तेवढ्यात माझं ऐका आणि मग साहेबांना फोन लावा.

मी कपडे शिवते. पायाने चालवायचं मशीन, तीस वर्षं. या उजव्या पायावर माझं पोट आहे. चार महिन्यांपूर्वी दुकानाच्या पायरीवरून घसरले आणि नडगी मोडली. आत लोखंडी पट्टी घातली, सात स्क्रू मारून. हाड जुळलं, पण दुखणं काही जाईना. डॉक्टर म्हणाले, "एक्स-रे उत्तम आहे. दुखणं तुमच्या मनात आहे." मनात! स्क्रू मारले पायात आणि दुखणं मनात!

वर म्हणाले, सायकल चालवा. किनाऱ्याचा रस्ता सपाट, म्हणून तिकडे जायला लागले. तिथल्या कड्याखाली ओहोटीला दगडात रुतलेले शंखशिंपले सापडतात, लाखो वर्षांपूर्वीचे. लहानपणी वडिलांबरोबर गोळा करायचे मी. जित्याची खोड, जाते कुठे? पिशवीत छोटी हातोडी टाकायची आणि निघायचं.

त्या दिवशी भर दुपार होती. पण धुकं असं उतरलेलं, की दहा पावलांवर उभी केलेली सायकल दिसेना. लाटांचाही आवाज नव्हता. नुसता ओल्या चुन्याचा वास. कड्यावरून नुकताच निखळलेला एक हातभर दगड दिसला, म्हणून मी त्याच्या कडेवर ठोका घातला. आणि माझ्याच नडगीत असा ठणका उठला की मी मटकन वाळूत बसले.

दगड उकलला होता. आत हाड होतं... माणसाच्या नडगीचं. हाडाला चिकटून एक सरळ पट्टी, तीही दगडाचीच. तिला सात भोकं. तीनदा मोजली मी.

टॉवेलात गुंडाळून दगड घरी आणला. आमच्या ह्यांनी काय करावं? दार आपटू नये म्हणून तो दाराशी नेऊन ठेवला! वाऱ्याने दार त्याच्यावर आपटलं आणि मी स्वयंपाकघरात किंचाळले. तर हे म्हणतात, "पुरे आता नाटकं." सव्वीस वर्षांचा संसार केला, त्याचं हे बक्षीस.

म्हणून तणतणत डॉक्टरांकडे गेले. ते हसले. "बरं, तिकडे तोंड करा. मी दगडावर पेन आपटतो, अगदी हलकेच. केव्हा ते सांगा." पाच वेळा आपटलं, पाचही वेळा बरोबर सांगितलं. तर म्हणतात काय... "योगायोग." अहो, पाच पाच योगायोग? आणि दगड मजेशीर आहे म्हणून ठेवूनच घेतला. मग मला न विचारता दिला तुमच्याकडे पाठवून. कुरिअरवाल्याने तो कुठे कुठे आदळला, ते वेळेसकट सांगू का?

काल तुमच्या साहेबांचं पत्र आलं. हे बघा. 'नमुना गुरुवारी सकाळी अकरा वाजता यंत्राने आडवा कापण्यात येईल. सहकार्याबद्दल आभार.' कसलं डोंबलाचं सहकार्य? सकाळपासून आठ फोन केले. साहेब मीटिंगमध्ये! दगड मला सापडला, पाय माझा, आणि दाराबाहेर मीच. हा पाय गेला तर मी मशीन कशाने चालवू, सांगा ना?

हसताय होय? हसा. तुम्हीच काय म्हणून मागे राहायचं?

थांबा... ते काय वाजलं आत? यंत्र सुरू झालं? अहो, अजून सात मिनिटं आहेत! फोन लावा आधी! लावा म्हणते ना...

नाही...

दुखत नाहीये. काहीच नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा पाय शांत आहे... गार पडलाय नुसता. म्हणजे डॉक्टरांचंच खरं? आणि मी मेली इथे येऊन एवढा तमाशा केला. लाज वाटते हो दादा. माफ करा.

दादा? खाली काय बघताय?

फरशी मी नाही घाण केली. हे राखाडी पीठ... माझ्या कपड्यांतून गळतंय? आणि हा वास... ओल्या चुन्याचा.

आता पळताय! चार महिने घसा फोडून सांगतेय, तेव्हा कुणाला खरं वाटलं नाही. विश्वास बसायला एवढं बघावं लागतं का हो माणसाला? पळा, पळा, आधी ते यंत्र बंद करा! मला उठता येत नाहीये...

थांबलं. ऐकलं मी, यंत्र थांबलं.

मग पीठ अजून का गळतंय?