एवढं पान होऊ दे

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याच्या घरात घडली, त्याने आयुष्यभर पंखे दुरुस्त केले. त्याला साधी थाप मारता येत नाही, भुताची गोष्ट तो कुठून रचणार?

रविवार होता. दुपारचे तीन वाजत आले होते. रात्र नव्हती, अंधार नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली. खिडकीतून टेबलावर भरपूर ऊन.

टेबलावर तिचा कॉम्प्युटर उघडून ठेवलेला.

ती म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन सहा महिने झाले होते.

अंध मुलांसाठी ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. रोज दुपारी तीनला. दाराच्या कडीला लाल रुमाल बांधला, की घरात चमचाही वाजवायचा नाही. पंखासुद्धा बंद. त्याची घरघर आवाजात उतरते म्हणून. पंखेवाल्याच्याच घरात पंखा बंद, असं म्हणून शेजारी हसायचे.

मध्येच काही वाजलं तरी ती चिडायची नाही. थांबायची, "पुन्हा" म्हणायची, आणि तेच वाक्य पहिल्यापासून वाचायची.

कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. तो सुरू होईपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. आतली डिस्क टिकटिक करायची. दोन वर्षं ती तिच्या जागी एसएसडी, म्हणजे नवी बिनआवाजाची वेगवान डिस्क, मागत होती. तो म्हणायचा, पुढच्या महिन्यात बघू.

शेवटी आणली. ती गेल्यावर. बैल गेला नि झोपा केला.

दुकानदाराने जुन्या डिस्कवरचं सगळं नवीत उतरवून दिलं. उतरवता उतरवताच जुनीने मान टाकली. हिला आता भंगारात टाका, असं तो म्हणाला. याच्याने टाकवेना. तिच्याच लाल रुमालात गुंडाळून त्याने ती घरी आणली.

पूर्ण झालेली पुस्तकं ती शाळेला पाठवून द्यायची. शेवटचं मात्र अर्धवट राहिलं होतं. त्या दिवशी रुमाल बांधलेला असूनही याने दार उघडलं होतं आणि विचारलं होतं, चहा टाकतेस का? ती म्हणाली, "अहो, एवढं पान होऊ दे."

तो दार आपटून खाली निघून गेला. कोपऱ्यावर एकट्याने चहा प्यायला. तासाभराने परत आला तेव्हा तिचं डोकं टेबलावर टेकलेलं होतं.

त्याला एवढंच ऐकायचं होतं. त्या तासात तिने आपल्याला हाक मारली होती का?

त्याने बटण दाबलं.

काळा पडदा. वर एकच ओळ... सुरू करायला डिस्क सापडत नाही.

मुलगी दूरच्या शहरात. तिला फोन लावला. ती सांगत गेली, तो करत गेला. वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्या. दुसऱ्या खाचेत लावून पाहिल्या. सेटिंगच्या पानावर नव्या डिस्कचं नाव दिसत होतं. ते पहिल्या नंबरावर आणलं.

पुन्हा तीच ओळ.

"बाबा, फाइली आल्यात सगळ्या," मुलगी म्हणाली. "पण सुरू कसं व्हायचं, ते सांगणारा भाग जुनीवरच राहिलाय वाटतं. तो नसला की नवी नुसती पडून राहते."

"माझ्यासारखी," तो म्हणाला.

मग तिने सांगितलं, उद्या दुकानात न्या.

फोन ठेवताना मांडीवरचा स्क्रूड्रायव्हर निसटला. खण्णकन फरशीवर पडला.

आणि... डोक्यावर फिरणारा पंखा थांबला.

वीज गेली म्हणावी, तर पडद्यावरची ओळ तशीच होती. बेअरिंग अडकलं तर पंखा कुरकुरतो. कंडेन्सर गेला तर गुणगुणतो. हा अलगद थांबला. कुणी बटण बंद केल्यासारखा.

त्याने भिंतीकडे पाहिलं.

बटण बंद होतं.

मग आवाज आला...

टिक.

टिक... टिक...

लाल रुमालातून.

त्याने रुमाल उलगडला. जुन्या डिस्कला एकही वायर नव्हती. त्याने तिच्यावर हात ठेवला...

गरम होती.

पडद्यावरची ओळ गेली. कॉम्प्युटर सुरू होऊ लागला. एसएसडी चुटकीसरशी सुरू होते म्हणतात. याला बरोबर चहा होण्याइतका वेळ लागला.

शेवटची फाइल त्याने उघडली. तिचा आवाज. मग त्याचा प्रश्न. "अहो, एवढं पान होऊ दे." दार आपटल्याचा आवाज. मग ती वाचू लागली.

"घड्याळजीने भिंग डोळ्याला लावलं आणि..."

पुढे काही नाही. हाक नाही. नुसती शांतता.

तो ऊन उतरेपर्यंत तिथेच रडत बसला.

सोमवारी दुकानदाराने नव्या डिस्कवर खूप खटपट केली. "काका, ही सुरू झालेली असणं शक्यच नाही," तो म्हणाला. घरी आणून जोडली. तीन वाजता पंखा थांबला. टिकटिक सुरू झाली. कॉम्प्युटर लागला.

फाइल लांबली होती.

"घड्याळजीने भिंग डोळ्याला लावलं आणि..."

खण्णकन काहीतरी पडलं. त्याचाच कालचा स्क्रूड्रायव्हर.

ती थांबली.

"पुन्हा," ती म्हणाली. "घड्याळजीने भिंग डोळ्याला लावलं आणि चाक पुसून जागेवर बसवलं."

त्याने ते मुलीला पाठवलं. तिला त्यात फक्त रिकाम्या खोलीचा आवाज ऐकू आला. तिने हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही वेळेवर जेवताय ना?"

त्यानंतर त्याने कुणाला सांगितलं नाही. तीन वाजायच्या आत तो कडीला रुमाल बांधायचा आणि बाहेर बसायचा. रोज एक पान वाढत होतं. त्याला पूर्वीसारखी भूक लागू लागली. पुस्तक घेऊन तो तिच्या आवाजाबरोबर ओळींवरून बोट फिरवायचा.

एक दिवस बोट फिरवताना त्याच्या लक्षात आलं, डाव्या हाताला पानांचा गठ्ठा झालाय आणि उजव्या हाताला दोनच पानं उरलीत.

दुसऱ्या दिवशी तो दाराबाहेर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला. तीन वाजून गेल्यावर त्याने तो मुद्दाम खाली टाकला. थोड्या वेळाने पुन्हा टाकला. संध्याकाळी ऐकलं, तर ती एकच वाक्य वाचत होती. "पुन्हा," म्हणत होती आणि तेच वाचत होती. पान पुढे सरकलं नव्हतं.

असे अकरा दिवस गेले.

परवाच्या फाइलमध्ये तिचा आवाज बसलेला होता. कालच्या फाइलमध्ये खण्णकन आवाज झाला... ती थांबली...

"पुन्हा" म्हणाली नाही.

बराच वेळ तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग अगदी जवळून, माइकला ओठ लावावेत तशी ती म्हणाली,

"अहो... होऊ दे ना आता."

आज पुन्हा तीन वाजतायत. कडीला रुमाल बांधलाय. आतला पंखा आत्ताच थांबला.

स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात आहे. घामाने निसटायला लागलाय... आणि त्याने तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलाय.