मिस्टर लिम अजून फेरीवर आहेत

पटो न पटो, हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या, मुकुलच्या बाबतीत. सिंगापूरमध्ये. आणि रात्री नाही... भर दुपारी.

२०१५चा सप्टेंबर. शेजारच्या देशात पेटलेल्या जंगलांचा धूर शहरावर उतरला होता. समोरची इमारतसुद्धा दिसेना.

मुकुल तिथल्या एका टाउन कौन्सिलमध्ये नोकरीला. सरकारी इमारतींची देखभाल आणि रहिवाशांच्या तक्रारी, हे त्याचं काम. लिफ्ट बंद, छत गळतंय, कबुतरं घाण करतात... फोन थांबायचाच नाही. घास तोंडात असला तरी नाही.

त्यात त्याचे सहकारी मिस्टर लिम कामावर असतानाच वारले. एका इमारतीच्या जिन्यात कोसळले, ते उठलेच नाहीत. त्यांच्या इमारती मुकुलच्या गळ्यात पडल्या. स्वतःच्या होत्याच.

त्या दिवशी त्याच्या अंगात ताप होता.

"आज नको जाऊस. चेहरा बघ आरशात," बायको म्हणाली. संजीवनी तिचं नाव.

"अर्धं ऑफिस आजारी आहे गं. मीही बसलो तर?"

गेलाच.

मिस्टर लिम कोसळले त्याच इमारतीतून गळतीची तक्रार आली होती. तिथे शुकशुकाट. धुरामुळे सगळ्यांची दारं बंद. गळती वरच्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. तो जिना चढू लागला.

आणि वरून आवाज आला...

कुणीतरी चढत होतं. जड पावलं. मध्येच खोकला.

मुकुल थांबला. पावलं थांबली.

तो चढला... पावलं चढली.

"कोण आहे?"



वर पोचला तर सगळा मजला रिकामा. फक्त एका दाराच्या जाळीमागे एक चिनी म्हातारी उभी.

"आंटी, गळती कुठेय?"

"परत काय विचारतोस? मिस्टर लिमना आत्ताच दाखवली की."



म्हातारीने त्याच्या खांद्यामागे पाहिलं...

"त्यांना बसायला सांग रे. किती दमलेत."

त्याने मागे वळून पाहिलं नाही. जिना कसा उतरला, ते त्याला आजही आठवत नाही.

पुढे कितीतरी दिवस तो तापाने फणफणत होता. बरा झाल्यावर संजीवनीने त्याला तिकडे पाठवलंच नाही. त्याने राजीनामा दिला. चांगी बिझनेस पार्कमध्ये दुसरी नोकरी मिळाली. तब्येत सुधारली.

मग एका रविवारी दुपारी फोन आला. त्याच्या जागी आलेल्या मुलीचा.

"तुम्ही काल दुपारी त्या गळतीच्या इमारतीत आला होतात?"

"नाही. काल दुपारी मी घरी झोपलो होतो. का?"

"ती वरच्या मजल्यावरची आंटी..." तिचा आवाज कापत होता. "ती म्हणते, हल्ली दोघं येतात."

हे सगळं मला मुकुलनेच सांगितलं. मी हसण्यावारी नेलं.

नंतर एकदा कामानिमित्त मी सिंगापूरला गेलो. बिशानला त्यांच्याकडेच उतरलो. दुपारी मुकुल सोफ्यावर झोपला होता. गाढ. पण छाती भात्यासारखी हलत होती... कपाळावर घाम.

मी हाक मारणार, तोच संजीवनीने माझा हात धरला.

"उठवू नका, भावजी," ती कुजबुजली.

"तो अजून परत आलेला नाही."