नकाशावरची जागा

मंगळवार, ११ मार्च २०२५. दुपारचे दोन वाजून आठ मिनिटं.

पेडगावच्या शिवकांतना फोन आला.

पुढचं सगळं घडलेलं आहे. वेळा त्यांच्या मोबाइलमधल्या नोंदींवरून घेतल्यात, अंदाजानं नाहीत.

फोनवर बोरीच्या रेणुका होत्या. गिऱ्हाईक म्हणून पहिल्यांदाच दुकानात येत होत्या.

“काका, तुमचा नकाशा आमाला रानात घेऊन आला की! दुकान काय कडुलिंबाला टांगलंय का?”

शिवकांतना चूक कळली.

त्यांचं येसराचं दुकान आहे. येसर म्हणजे आमटीला लावायचं भाजलेलं पीठ. धंदा पत्नीनं, महानंदांनी उभा केला. त्या वर्षापूर्वी गेल्या. पुण्यातल्या लेकीनं, शिवरंजनीनं, दुकानाची वेबसाइट केली. तिच्यात नकाशा बसवायचा होता. ती फोनवर म्हणाली, “पप्पा, आपल्या जागेवर उभं राहून लोकेशन पाठवा.”

वर्षभर शिवकांतच्या तोंडी ‘जागा’ एकच होती. शेतातल्या कडुलिंबाखालची महानंदांची समाधी.

त्यांनी तिथूनच लोकेशन पाठवलं.

“ताई, मागं फिरा. दुकान स्टँडवर हाय.”

“ते सांगितलं की मावशींनी. मालक जेवले का, तेबी विचारा म्हणल्या.”

“कोण मावशी?”

“हितं बसल्यात. उजव्या हातानं रस्ता दाखवायल्यात. डावी मूठ छातीशी धरलीय... लागलंय का हो त्यांना?”

शिवकांतनी फोन ठेवला.

लिंगायतांत मृताला बसवून पुरतात. डाव्या तळहातावर इष्टलिंग, म्हणजे आयुष्यभर गळ्यात बाळगलेलं छोटं शिवलिंग, ठेवतात.

महानंदांची ती मूठ शिवकांतनीच मिटली होती.

मोटारसायकल काढून ते शेतात गेले. समाधीजवळ रेणुकांच्या चपलांचे ठसे होते.

दुसरं कुणी नव्हतं...

त्या महिन्यात आणखी तीन गिऱ्हाइकं तिथं पोचली. वेळ दोन ते अडीच, दुकान जेवणासाठी बंद असायचं तेव्हा. तिघांनाही मावशी भेटल्या. तिघांनीही तोच निरोप आणला.

मालक जेवले का?

शिवरंजनी वैतागली. “पप्पा, नकाशाचा कोड बदलते. दोन मिनिटांचं काम आहे. गिऱ्हाईक तुटायलंय आपलं.”

“ऱ्हाऊ दे.”

“का पण?”

“सगळ्यांना भेटायलीय. मला एकदा भेटू दे. मग बदल.”

ते रोज दोन वाजता डबा घेऊन शेतात जाऊ लागले. समाधीच्या ओट्यावर बसून एकटेच जेवायचे. एक घास घेऊन थांबायचे, कानोसा घ्यायचे.

काहीच नाही.

सोमवार, ७ एप्रिल. दोन वाजून चौदा मिनिटं. अर्धी भाकरी खाऊन झाली होती.

फोन वाजला. पूर्ण्याचे हरिओम, नवं गिऱ्हाईक.

“मालक, पोचलो. पण हितं तर शेतच हाय.”

शिवकांतनी मान वर केली. गाडीवाट शेवटपर्यंत रिकामी होती.

“कुठं थांबलात तुमी?”

“लिंबाखाली. मावशींसमोर.”

शिवकांत त्याच लिंबाखाली बसले होते.

“हॉर्न वाजवा बरं.”

हॉर्न वाजला...

फक्त फोनमध्ये.

शेतात पानसुद्धा हललं नाही.

शिवकांतनी डबा ओट्यावर ठेवला. “त्यांना विचारा... मालक कुठं हायत?”

पलीकडं कुजबुज झाली. मग हरिओम हसले.

“मावशी लय चेष्टेखोर हायत. म्हणायल्यात, हे काय, शेजारीच बसलेत. जेवायलेत.”

थोडं थांबून ते म्हणाले, “पण मालक... शेजारी तर कुणीच न्हाई.”

फोन कटला. लगेच फोटो आला.

कडुलिंब. समाधीचा ओटा. ओट्यावर उघडा डबा, त्यात अर्धी भाकरी.

महानंदा नव्हत्या.

शिवकांतही नव्हते.

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोटो पाठवला. तिनं लगेच फोन केला. “पप्पा, आता तरी बदलू का? भेटली का आई?”

“मला न्हाई दिसली. पण मी दिसायलोय तिला. ऱ्हाऊ दे.”

हे लिहीपर्यंत नकाशावरची पिन शेतातच आहे.