रॅमची न जुळणारी जोडी

सुराबाया शहरातल्या जुन्या कॉम्प्युटर बाजाराचा सरकता जिना बंद पडला होता. वेनिंग आपला कॉम्प्युटर टॉवेलात गुंडाळून, छातीशी कवटाळून पायऱ्या चढत होती. पावसानं भिजलेल्या केसांतून पाणी निथळत होतं. वरून उतरणारा एक तरुण थबकला.

“बाळाला बरं नाही वाटतं?”

“धाप लागते त्याला,” ती फणकाऱ्यानं म्हणाली. “तुम्ही डॉक्टर का?”

“वर दवाखाना आहे माझा. द्या इकडे... सांभाळून नेतो.”

त्याचं नाव लानांग. दुकान कसलं, दोन माणसं जेमतेम मावतील एवढा गाळा. त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडला. वेनिंग एका अंत्यविधी-गृहासाठी काम करायची. गेलेल्या माणसाचे फोटो जोडून, मागे संगीत घालून छोटी फिल्म बनवायची. ती बनवताना मशीन रांगायचं.

“आहे त्या रॅमच्या पट्टीशेजारी अजून एक पट्टी बसवा,” ती म्हणाली. “जुनी काढायची नाही. दोन नव्या मला परवडणार नाहीत.”

“मग हिच्या तालावर चालणारी शोधायला हवी. नाहीतर दोघी आपापल्या तालात नाचतात... आणि मधेच कोसळतात.”

“बऱ्याच जणींना नाचताना बघितलेलं दिसतंय, मास लानांग!” आदरार्थी ‘मास’ तिनं मुद्दाम लांबवला.

तो हसला. मान खाली घालून खणात बराच वेळ काहीतरी चाचपत राहिला. मग एक पट्टी काढून बसवली.

आठवड्याभरात मशीन हँग झालं. ती आली. त्यानं पट्टी पुसली, खाच बदलली, कॉफी मागवली. पुन्हा हँग झालं, पुन्हा ती आली... येताना लुंपियाचे कुरकुरीत तळलेले रोल घेऊन. “डॉक्टरांची फी,” म्हणाली. दिवसभर मेलेल्यांचे चेहरे बघणारी ती मुलगी त्या गाळ्यात खळखळून हसायची. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. मशीन अडकलं की आताशा तिला राग येत नसे. घरून निघताना ती केस विंचरायची.

मग लियान ओमांचे, म्हणजे लियान आजींचे, यजमान वारले. पाव-बिस्किटांची भट्टी चालवणारे, मोहल्ल्यात सगळ्यांचे लाडके. फिल्म तयार होईपर्यंत सकाळ उजाडली. वेनिंगनं सुरुवात तेवढी पाहिली आणि ती पेनड्राइव्हवर घेऊन अंत्यविधी-गृहाकडे धावत सुटली.

सभागृह भरलेलं होतं. पडद्यावर तरुण भट्टीवाला पावाची परात घेऊन हसत उभा राहिला, आणि त्याचा चेहरा फुटला. हिरवे-जांभळे चौकोन पसरले, चित्र थिजलं, भजनाचा एकच सूर किंचाळत राहिला. ओमा उठल्या. पडद्याजवळ जाऊन त्या चौकोनांवर हात फिरवत म्हणाल्या, “कुठे गेला?... आत्ता होता ना इथे?”

कोणीतरी वायर ओढली. शवपेटीचं झाकण लागलं. अंत्यविधी-गृहाच्या बाईनं वेनिंगला एवढंच सांगितलं, “उद्यापासून येऊ नकोस.”

ती तशीच घरून कॉम्प्युटर उचलून बाजारात गेली.

“आज पुन्हा?” लानांग हसत उठला.

तिनं सगळं सांगितलं. त्याचं हसू ओसरलं. त्यानं डबा उघडला, पट्टी काढली... आणि तिच्याकडे बघेना.

“लानांग?”

“ही जुळत नव्हती. मला ठाऊक होतं. जुळणारी खणातच होती.”

“म्हणजे?”

“वाटलं, मधूनमधून अडकेल... तू येशील. एवढंच. मला काय माहीत की—”

“मी काय बनवते, हे तुला माहीत होतं!”

त्यानं खणातून जुळणारी पट्टी काढून बसवली.

वेनिंगनं तिथंच बसून फिल्म पुन्हा बनवली, या वेळी शेवटपर्यंत पाहिली. सुरुवात बघून पळण्याची चूक तिचीही होतीच. मग त्याला म्हणाली, “चल. ओमांना तूच सांग.”

ओमांनी दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं.

“ही पोरगी भेटावी म्हणून?”

“हो, ओमा.”

“मग तिच्या घरी जायचंस. माझ्या म्हाताऱ्याला कशाला मधे घेतलंस?”

वेनिंगनं नव्या फिल्मचा पेनड्राइव्ह पुढे केला. ओमांनी हात लावला नाही. “त्याला सगळ्यांसमोर निरोप द्यायचा होता. आता एकटी काय बघू?” त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

दोघं रस्त्यावर आले. भुरभुर पाऊस सुरू होता. बेमोच्या, त्या छोट्या प्रवासी गाडीच्या, थांब्यावर तो म्हणाला, “वेनिंग, मला तू...”

“माहीत आहे.”

“मग?”

“मी तशीही आले असते रे.” तिचा आवाज चिरकला. “काही न बिघडता. एकदा ये म्हणायचंस... फक्त ये म्हणायचंस.”

बेमो आली. ती आत बसली. त्यानं खिडकीच्या दांडीला हात लावला.

“तुझ्या घरी येऊ?”

‘कधीच नको’ असं म्हणायचं तिनं ओमांच्या दारातच ठरवलं होतं. गाडी हलली.

“आत्ता नको,” ती म्हणाली, आणि आपण हे काय बोललो म्हणून तोंड फिरवून रडू लागली.