जर्दाळूच्या झाडावरचा आवाज

"थांब बेकतूर! हात लावू नकोस!"

फांदीवर चढलेला बेकतूर तिथेच थबकला. "एका जर्दाळूसाठी एवढी ओरडतेस?"

"जर्दाळू नाही रे! ती पट्टी बघ!" आयपेरी म्हणाली.

सपारकाकांच्या बागेत झाडाझाडांवरून एक तपकिरी, चकचकीत पट्टी ताणली होती. पाखरांना भिववायला ती वाऱ्यावर फुरफुरत होती. आयपेरीने ती बोटांत धरून निरखली. कॅसेटची फीत!

एवढ्या कॅसेटी गावात एकाच ठिकाणी होत्या, टेकडीवरच्या बंद पडलेल्या रेडिओ केंद्रात. तिथे तिचे आजोबा, जोलचू, एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी बोलत. उन्हाळ्यात अर्धा गाव मेंढरं घेऊन वरच्या कुरणांवर जाई. कुणाचा मुलगा सैन्यातून परतला, कुणाची घोडी व्याली, सगळं त्यांना आजोबांच्या आवाजातच कळे. निरोप मिळाला की वरून आरसा चमकवायचा, अशी रीत होती. मावळत्या उन्हात डोंगरावर ठिणगी उडाली की आजोबा माइकमध्ये आनंदाने म्हणत, "पोचलं!"

मग हाताहातांत मोबाइल आले आणि केंद्राला कुलूप लागलं. पुढे घशाच्या ऑपरेशनात आजोबांचा आवाज गेला. आता ते नुसतं कुजबुजत. आयपेरी तेव्हा तान्हीच होती, तिला तो आवाज आठवतही नव्हता. पण तिच्या जन्माची बातमी कुरणावरच्या बाबांना त्याच आवाजाने दिली होती, आणि आजोबा रोजच्या निरोपांची कॅसेट करून ठेवत!

"काका, कॅसेटी कुठल्या?" ओरडा ऐकून आलेल्या सपारकाकांना तिने विचारलं.

"रेडिओवरच्या. किल्ली माझ्याकडेच असते ना! नुसत्या सडत होत्या. एक खोकं उरलंय, ते उद्या बांधतो."

"आम्हाला द्या ना! आजोबांचा आवाज आहे त्यात."

"आणि माझे जर्दाळू साळुंक्यांना देऊ होय? पळा!"

बेकतूरची धाकटी बहीण मीरिम हळूच म्हणाली, "काकांना फीत कुठे हवीय? त्यांना चकाकी हवीय."

"शाबास, चिमणे!" बेकतूर उडालाच. "मामाकडे लग्नांच्या बिघडलेल्या सीड्या पोतंभर पडल्यात!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघांनी फितीखाली बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, कुस्करून टाकले. साळुंक्यांची झुंबड उडाली! एक तर फितीवरच बसून झोके घेऊ लागली.

"निर्लज्ज कुठल्या!" सपारकाका टोपी फेकत धावले.

"सरावल्या हो त्या, काका," बेकतूर गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "आता हे बघा." त्याने सीडी फांदीला टांगली. लख्खकन कवडसा फिरला आणि सगळ्या साळुंक्या भुर्रकन उडाल्या!

"अरे वा! सगळ्या झाडांना बांधून द्या आणि ते खोकं न्या एकदाचं!"

सीड्या बांधून तिघांनी खोकं उघडलं. त्यात अकरा कॅसेटी होत्या. आयपेरीने आजोबांच्या अक्षरातल्या तारखा भराभर वाचल्या. चौदा जून मिळाली, तिच्याच जन्माच्या वर्षाची! पण आत फीतच नव्हती.

"म्हणजे ती झाडावर आहे," ती रडवेली झाली.

"मग उतरवू की! रडतेस काय?" बेकतूर म्हणाला.

या खोक्यातली फीत काकांनी परवाच शेजारच्या झाडावर बांधली होती. मीरिमने टोक धरलं, बेकतूरने गुंता सोडवला आणि आयपेरी पेन्सिलीने चाक फिरवत राहिली. फीत दोनदा तुटली, दोनदा चिकटवली. पार दुपार झाली.

संध्याकाळी अंगणात चहाचा सामोवार उकळत होता. आयपेरीने आजोबांच्या जुन्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. खरखर... खरखर... आणि मग एक भरदार, हसरा आवाज अंगणभर पसरला.

"कारा-तोर कुरणावर, माझ्या तालान्तला निरोप. आज सकाळी तुला मुलगी झाली. आवाज माझ्याहून मोठा आहे! मेंढरं शेजाऱ्यावर सोपव आणि खाली ये. नाव मी ठरवलंय, भांडू नकोस!"

आजोबांचे ओठ आवाजाबरोबर हलत होते. आयपेरी टेपरेकॉर्डरला कान लावून बसली होती.

"आरसा सापडेना मला," बाबा डोळे पुसत हसले, "पातेलंच चमकवलं होतं!"

फाटकाशी सपारकाका टोपी हातात घेऊन उभे होते. "एवढ्याशा पोरांना कळलं, ते मला कळलं नाही, जोलचूदादा. उरलेल्या फितीही मी स्वतः उतरवतो." त्यांनी किल्ली आयपेरीच्या हातात ठेवली.

इतक्यात वाऱ्याची झुळूक आली. खालच्या बागेत मावळतं ऊन सीड्यांवर पडलं आणि झाडाझाडांतून ठिणग्या चमकल्या, एक, दोन, कितीतरी!

आजोबांनी नातीला जवळ ओढलं आणि ते तिच्या कानात कुजबुजले, "पोचलं!"