पलंगाशेजारची फरशी

आप्पांच्या खोलीत कार्पेट घालायचं थोरल्या सुनेने ठरवलं, ते काही हौसेने नाही. आप्पा अंथरुणाला खिळले होते, तेव्हा पाणी हवं झालं की काठीने पलंगाशेजारची फरशी ठोकायचे. "आले हो आप्पा!" ती स्वयंपाकघरातूनच ओरडायची आणि हातातलं काम रेटत राहायची. एका दुपारी ते ठोकणं आपोआप थांबलं, आप्पा गेले होते. खोटं कशाला बोला, तेव्हा तिला हायसंच वाटलं होतं. आता तेच आठवून मन खात राहायचं. त्या उघड्या फरशीकडे बघवायचं नाही तिला.

कारागीर बोलका होता. गुडघ्यांवर सरकत तो थापीच्या दांड्याने एकेक फरशी वाजवून बघत होता. "पोकळ फरशी लगेच बोलते, ताई. ती काढून भरली नाही, तर वर कितीही भारी कार्पेट घाला, पायाखाली डुगडुगणारच."

पलंगाच्या जागेशेजारी त्याने एकदा ठोकलं. आवाज दोनदा आला.

"खाली कोणी राहतं का हो...?"

"खाली नुसती माती आहे," थोरली कशीबशी म्हणाली.

मग तो लगबगीने कामाला लागला. ती फरशी उचकटून त्याने खड्डा भरला, सगळ्या जमिनीवर सिमेंटचा पातळ थर ओतला आणि सकाळपर्यंत आत पाऊल टाकू नका म्हणून बजावून गेला. तिने कुलूप घातलं, किल्ली उशाखाली ठेवली.

सकाळी त्याच्यासमोरच तिने दार उघडलं. थर छान वाळला होता. फक्त पलंगाच्या जागेपासून दारापर्यंत लहान लहान गोल खळगे उमटले होते, काठीच्या टोकाएवढे. पावलं कुठेच नव्हती. आणि काठी तर तिने केव्हाच मोडून फेकून दिली होती.

"मांजर असेल... घासून भरून टाकतो, ताई."

"नको." तिने त्याला अडवलं. "पाणी हवंय त्यांना. तेव्हा मी गेलेच नाही हो..."

ती धावत जाऊन माठातून पेला भरून घेऊन आली आणि रिकाम्या खोलीत उभी राहिली.

"आले हो आप्पा... आणलंय पाणी."

खोलीत काही हललं नाही. कारागीर मात्र तिच्या खांद्यावरून मागे, स्वयंपाकघराकडे बघत होता. तिथला नळ कोणीतरी सोडला होता. पाणी भांड्यात पडत होतं.

शेवटचा खळगा दाराच्या चौकटीखाली होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. वाट बघून बघून आप्पा स्वतःच उठले होते.